मस्जिद बंदरची गोणपाटाची झूल : निफाडच्या थंडीत वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच ऑर्डर द्यायला जातील. वासरांसाठी झूल घेताय तर बिनधास्त घ्या, पैसे वसूल. धडधाकट दुभत्या गायींसाठी सरसकट घ्यायचा विचार असेल तर जरा थांबा, पुढचं वाचा, कारण त्याच पैशात गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री लावली आणि खाली कोरडं पाचट टाकलं तर जास्त फायदा होतो, आणि गंमत म्हणजे हे मला झुली विकणाऱ्या शेठनेच सांगितलं.

मी भांडुपला राहते, माहेर निफाड तालुक्यातलं. दादा-वहिनीकडे एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या संकरित गायी आहेत, एक गीर, एक म्हैस, संगमनेरी शेळ्या आणि वहिनीच्या हौसेच्या गावरान कोंबड्या. आता मुंबईकरांना निफाडची थंडी सांगायची म्हणजे पंचाईतच, आपल्याकडे पारा सोळा-सतरावर आला की लोकलमध्ये मफलर दिसायला लागतात, आणि सांताक्रूझचा आजवरचा नीचांक 7.4 अंश, तोही 22 जानेवारी 1962 चा. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला आकडा पेपरात येतो ना, तो कडाक्याच्या दिवसांत पाचाच्याही खाली असतो. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रिपने पाणी सोडतात, नाहीतर मणी तडकतात. माणसं बागेसाठी रात्र जागवतात आणि तिकडे गोठ्यात नुकतं जन्मलेलं वासरू ओल्या जमिनीवर कुडकुडत असतं, हे मी लहानपणापासून बघत आलेय, म्हणून यंदा वसुबारसेला ओटीचं सामान आणि फराळासोबत झुलींचा गठ्ठा घेऊन जायचं ठरवलं.

दुकान मस्जिद स्टेशनच्या पश्चिमेला, भात बाजाराच्या अंगाला एका गल्लीत आहे. मूळ धंदा बारदान आणि ताडपत्रीचा, म्हणजे पावसाळ्याआधी चाळीच्या पत्र्यावर टाकायला निळं प्लास्टिक घ्यायला जी गर्दी होते ती इथेही होते, झूल हा साइड बिझनेस. पाटी आहे पण तिच्यावर सुतळीचे गुंडे लटकवलेत त्यामुळे नाव वाचता येत नाही, "झूल शिवून देणारे बारदानवाले" विचारलं की कुठलाही हातगाडीवाला बोट दाखवतो. दुपारी बारा ते चार जाऊ नका, हमाल पाठीवर पोती घेऊन "बाजू बाजू" करत येतात आणि आपण उभं राहायचं कुठे तेच कळत नाही. सकाळी दहा-साडेदहाला गेलं तर शेठ निवांत असतो आणि बोलतो, आणि या दुकानाची खरी किंमत त्याच्या बोलण्यातच आहे असं माझं मत झालंय.

कारण मी गेले आणि म्हणलं की गायींच्या झुली पाहिजेत, डझनभर, तर दुसरा कुणी असता तर लगेच कॅल्क्युलेटर काढला असता. यांनी विचारलं, जनावरं रात्री छपराखाली असतात की उघड्यावर, खाली फरशी की माती, वारा कुठल्या बाजूने येतो, गाभण किती, येत्या दोन महिन्यांत विणार कोण कोण. मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं माहीत नव्हती, तिथेच उभं राहून वहिनीला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि पुढचा सगळा व्यवहार त्या दोघांनीच केला, मी नुसती फोन धरून उभी. शेवटी शेठ म्हणाले, "बहनजी, बडी गाय को रहने दो, पहले बछडे का करो, और जो बूढी है उसका." डझनाच्या ऑर्डरची निम्मी केली त्या माणसाने स्वतःहून. यासाठी एक स्टार एक्स्ट्रा.

आता मालाबद्दल. तीन प्रकारच्या झुली शिवतात. एक साधी, एकेरी गोणपाटाची, चार पट्टे लावलेली. दुसरी दुहेरी, म्हणजे बाहेर गोणपाट, आत मांजरपाटाचं अस्तर आणि मध्ये जुन्या कापडाच्या पट्ट्या घालून गोधडीसारखे टाके मारलेली. तिसरी दुहेरीच पण पाठीवरच्या भागाला वरून ताडपत्रीचा तुकडा, फक्त पाठीपुरता, दोन्ही कुशींना खाली येत नाही. मला आधी वाटलं ताडपत्री वाचवायला कमी लावली असेल, पण ते मुद्दाम आहे, पूर्ण ताडपत्री लावली तर आतला घाम बाहेर जात नाही आणि पहाटेपर्यंत जनावर आतून ओलं होतं. वरून पडणारं दव पाठीवरच पडतं, तेवढं अडवलं की झालं, कुशीकडून श्वास घ्यायला मोकळं.

हे किती महत्त्वाचं आहे ते दादाने मागच्या वर्षी ऑनलाइन मागवलेल्या "काउ जॅकेट"मुळे कळलं होतं. कुठल्या अ‍ॅपवरून ते जाऊ दे. चकचकीत, आत फोम, बाहेर पॉलिस्टर, बक्कल वगैरे एकदम इम्पोर्टेड लुक, फोटोत बर्फात उभी असलेली गोंडस विदेशी वासरं. घातलं तर पहिल्या रात्री छान, दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर काढायला उशीर झाला आणि आतला फोम घामाने भिजला, फोम वाळतो कधी तर दोन दिवसांनी, तोपर्यंत थंडीचा एक फटका येऊन गेला. परत घ्यायला त्यांनी नकार दिला कारण "वापरलेलं प्रॉडक्ट". आता ते मांजराच्या पिल्लांना अंथरायला आहे. त्या मानाने गोणपाट उन्हात टाकलं की दुपारपर्यंत कडक वाळतं. ताग पाणी भरपूर शोषतो हा त्याचा गुणही आहे आणि दोषही, म्हणजे अंगातली वाफ ओढून घेतो, पण पाऊस किंवा मूत लागून चिंब झाला तर तोच जड होऊन गार पडतो, मग त्यापेक्षा झूल नसलेली बरी. म्हणून एका जनावरामागे खरं तर दोन झुली लागतात, एक अंगावर एक दोरीवर, हिशोब तसाच धरा.

बारदान कुठलं वापरतात ते मी मुद्दाम विचारलं, कारण जनावर स्वतःला चाटतं, शेजारच्याची झूलही चाटतं. खताची, औषध लावलेल्या बियाण्याची किंवा केमिकलची जुनी पोती असली तर ते विष पोटातच जाणार. इथे धान्याच्या 50 किलोच्या तागाच्या पोत्याचं कापड वापरतात, नवीन किंवा एकदा धान्य भरलेलं. पोत्यावर छापलेलं असतं, बघून घ्या, लाजू नका. नव्या तागाला तेलकट वास येतो, रॉकेलच्या जवळपासचा, कारण सूत कातताना तागाला तेल लावतात. घरी नेऊन एकदा धुऊन कडक उन्हात दोन दिवस टाकलं की वास बराच जातो. आमच्या गीरने न धुतलेली झूल अंगावर घेतली नाही सरळ, दावं तोडायच्या बेतात होती. एचएफवाल्यांना काही फरक पडला नाही, त्यांना कशानेच काही फरक पडत नाही म्हणा.

वासरांचा अनुभव सांगते, कारण इथे झुलीने खरंच काम केलं. मोठ्या गाईच्या पोटात भरपूर वैरण आंबत असते म्हणजे रवंथाची भट्टी आतून चालू असते, वासराला ती नसते, पोट अजून तयारच झालेलं नसतं, अंगावर चरबी नाही, त्यात जन्मतः ओलं. पहिल्या तीन आठवड्यांत हवा 15 अंशांच्या खाली गेली की वासराला अंग गरम ठेवायला जास्तीची ताकद लागते, आणि ती दुधातूनच काढावी लागते. 15 अंश म्हणजे बघा, ज्याला आपण मुंबईत "मस्त गुलाबी थंडी" म्हणून स्टेटस टाकतो तिथून वासराचा त्रास सुरू. निफाडच्या रात्री तर त्याच्याही दहा अंश खाली. महिन्याभराच्या पुढे गेलं की ही हद्द पाच अंशांच्या आसपास येते, म्हणजे झूल सगळ्यात जास्त कामाची ती पहिल्या महिन्यात.

पण झूल घालायच्या आधीचं काम वहिनीकडून शिकावं. वासरू पडलं की गाय चाटते ती चाटू द्यायची, मग कोरड्या किंतानाने ते जोर लावून पुसायचं, नुसतं टिपायचं नाही, रगडायचं, केस उभे राहिले पाहिजेत, रक्त खेळतं होतं. कान, पाय, शेपटीचा बुडखा कोरडा झाला की मगच झूल. ओल्या वासरावर झूल टाकली तर ओल आत कोंडली, झालं. आणि चीक, तो पहिल्या तासा-दोन तासांत पोटात जायलाच पाहिजे, दिवसभरात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे तीस-पस्तीस किलोच्या वासराला तीन-साडेतीन लिटर, त्यातला मोठा भाग पहिल्याच वेळी. आमच्याकडे जुनी मंडळी म्हणायची जार (वार) पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, वहिनीने ते कधीच बंद केलं, जार पडायची वाट बघत बसलं तर थंडीच्या रात्री वासरू जातं. पुढे पहिले पंधरा दिवस दूध दोनऐवजी तीन वेळा, तिसरी पाळी रात्री झोपायच्या आधी, आणि दूध कोमट, थंड झालेलं नाही, कारण थंड दूध गरम करायचं काम परत त्या वासराच्याच अंगावर येतं.

अंथरुणाची टेस्ट शेठने सांगितली आणि ती मला फार आवडली. वासरू बसलेलं असताना त्याचे पाय दिसतायत का बघायचं. सगळे दिसले तर अंथरूण कमी, अर्धे झाकले तर बरं, पाय पाचटात बुडून दिसेनासे झाले तर मस्त. उसाचं पाचट आपल्याकडे फुकटात मिळतं, भाताचा पेंढा हवा तर इगतपुरीकडून आणायचा. गुडघा टेकवून पाच-दहा सेकंद थांबायचं, गुडघा ओला झाला तर वरून नवीन थर. सिमेंटच्या कोब्यावर नुसती रबर मॅट टाकून लोक निर्धास्त होतात, मॅट गाईच्या पायाला चांगली, वासराला वरून पाचट लागतंच.

यंदा दोन वासरं आणि एक पारडू झुलीत राहिलं. तिघांनाही सर्दी-खोकला झाला नाही, मागच्या थंडीत ठसका लागून डॉक्टर बोलवावे लागले होते. सगळं श्रेय झुलीला देत नाही, पाचट आणि तिसऱ्या दुधालाही तितकंच आहे, पण पहाटे पाचला वासराच्या कानाला हात लावला तर कान कोमट लागायचा, हे वहिनीने फोनवर इतक्यांदा सांगितलं की माझ्या नवऱ्यालाही पाठ झालं. कान आणि तोंडाच्या आत बोट घालून बघायचं, तोंड आतून गार लागलं तर मात्र झूलबिल बाजूला ठेवून थर्मामीटर लावा आणि डॉक्टरांना बोलवा.

आता मोठ्या गायींचं, जिथे लोकांचे पैसे जातात. निरोगी, पोटभर खाणारी, अंगावर मांस असलेली गाय थंडीला आपण समजतो तितकी घाबरत नाही. थंड देशातली गाय, दाट हिवाळी केसांची आणि कोरडी, उणे सात अंशांपर्यंत जास्तीचं न खाताही टिकते असं धरतात, पण तीच गाय भिजली तर ही हद्द थेट पंधरा अंशांवर येते. एवढा फरक नुसत्या ओलीने. आपल्या गायींना तसले केस येत नाहीत म्हणून तो उणे सातचा आकडा निफाडात लावू नका, पण धडा तोच, कोरडं ठेवा. झूल घातली पण खाली मुताचं डबकं तसंच, असं असेल तर काय उपयोग. आणि कोरडेपणाइतकंच अंगावरचं मांसही महत्त्वाचं, बर्फातल्या जनावरांचंही तेच गणित आहे, मंगोलियात 2009-10 च्या हिवाळ्यात ऐंशी लाखांच्या वर जनावरं मेली, त्याच्या आधीचा उन्हाळा कोरडा गेलेला, जनावरं मुळात हाडकुळी होऊन हिवाळ्यात शिरली, त्यात चारा बर्फाखाली. दिवाळीला जनावर कसं आहे त्यावर जानेवारी ठरतो.

वारा अडवायचा पण गोठा बंद करायचा नाही, हे आमच्या दादाला पटायला वेळ लागला. लोक काय करतात, चारी बाजूंनी ताडपत्री खालपासून वरपर्यंत बांधतात, आत उबदार वाटतं, सकाळी आत गेलं की डोळ्यांतून पाणी येतं, तो मुताचा अमोनिया असतो. तेच जनावर रात्रभर छातीत घेतं आणि मग न्यूमोनिया झाला की थंडीला दोष. ताडपत्री जमिनीपासून जनावराच्या पाठीच्या थोडं वरपर्यंत, त्याच्या वर फूट-दीड फूट मोकळं, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजू उघडी. शेठकडे यासाठी जाड ताडपत्री मिळते, कडेला दोरी आत शिवलेली आणि हातभरावर पितळी रिंगा, गुंडाळून वर करता येते कारण दिवसा ऊन आत यायला हवं. गायींच्या रद्द केलेल्या झुलींच्या पैशात ही ताडपत्री आली आणि माझ्या मते या सगळ्या खरेदीतली बेस्ट वस्तू तीच निघाली. गोठ्यात शेकोटी मात्र नको, धूर छातीत जातो आणि एक ठिणगी पाचटात पडली की संपलं.

खाणं-पिणं हा झुलीचा रिव्ह्यू नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. थंडीची हद्द ओलांडली की दर एका अंशाला साधारण दोन टक्के जास्त खाद्य लागतं असा ढोबळ हिशोब आहे, आणि ते जास्तीचं पेंडीतून नाही, सुक्या वैरणीतून द्यायचं, कारण कडबा, भुसा पोटात आंबताना जास्त उष्णता सोडतो. आमच्याकडे संध्याकाळच्या धारेनंतर कुट्टी केलेला कडबा वाढवला, रात्रभर रवंथ चालू, भट्टी चालू. पाण्याचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. एका लिटर दुधामागे गाईला चार-पाच लिटर पाणी लागतं, आणि पहाटे टाकीतलं पाणी इतकं गार असतं की गाय तोंड लावून मागे घेते, दूध कमी होतं आणि आपण म्हणतो थंडीने आटली. बोअरचं ताजं पाणी जमिनीतून येतं ते पहाटे चक्क कोमट असतं, वाफ दिसते वर. म्हणून रात्री हौद रिकामा करून सकाळी ताजं भरायचं, एवढाच उपाय, खर्च शून्य. अर्थात रात्रीच्या लाइटचं टाइमटेबल शेतकऱ्याच्या हातात नाही, तो विषय वेगळा, त्यावर लिहायला बसले तर रिव्ह्यू राहील बाजूला.

मग मोठ्यात झूल कुणाला? म्हातारी गाय, आजारातून उठलेली, नुकती व्यालेली अशक्त, आणि म्हैस. म्हशीच्या अंगावर केस विरळ, तिला थंडी गाईपेक्षा जास्त लागते. आपल्या आरेतल्या तबेल्यांत म्हशींना असली झूल लागायची वेळ क्वचितच येते, मुंबईची हवाच तशी, तिथल्यासारखं पहाटे पाइप लावून धुणं मात्र निफाडात करायचं नाही, दुपारी ऊन असताना धुवायचं. आमच्या म्हशीला तिसऱ्या प्रकारची, ताडपत्रीवाली झूल घेतली. गीरला वशिंडाचा प्रॉब्लेम झाला, झूल वशिंडावरून घसरून एका बाजूला लटकायची, शेठने फोनवर सांगितलं की वशिंडाच्या जागी चीर देऊन पुढे पट्टा शिवा, वहिनीने दाभण-सुतळीने घरीच केलं. गीर, डांगी, खिल्लार अशी वशिंडवाली जनावरं असतील तर ऑर्डर देतानाच सांगा, ते माप वेगळं असतं. पोळ्याची नक्षीची झूल माप म्हणून घेऊन जाल तर ती उपयोगाची नाही, ती नुसती वरून टाकायची असते, पोटाखाली बांधायची नसते.

शेळ्यांसाठी काही घेतलं नाही. शेळीला कोरडी उंच जागा, लाकडी फळ्यांचा माच, बास. करडांना मात्र लागतं आणि त्यासाठी माझी आयडिया सुपरहिट झाली. आमच्या सोसायटीत आवाहन केलं की जुने स्वेटर द्या, आणि मुंबईतल्या कपाटांत न वापरलेले स्वेटर किती पडून असतात ते विचारू नका, कुणी महाबळेश्वरला एकदा घातलेला, कुणी मनालीच्या ट्रिपचा. मोठ्या माणसाच्या स्वेटरची बाही कापली, पुढच्या पायांसाठी दोन भोकं पाडली की एका करडाचं जॅकेट तयार, नराचं पोटाखालून थोडं जास्त कापायचं नाहीतर मुतून ओलं करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मरून स्वेटर आता निफाडला उड्या मारतोय, त्यांना व्हिडिओ पाठवला तर त्यांनी अख्ख्या विंगला दाखवला.

कोंबडीच्या पिल्लांसाठी 250 वॅटचा लाल बल्ब लोहार चाळीतून घेतला, त्या दुकानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मिळाला, चालला. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा, बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडून बसली तर उकडतंय, पसरून चरत असली तर बरोबर. बल्ब वायरला लटकवू नका, साखळीला लटकवा, आणि वर-आजूबाजूची जाळीजळमटं आधी झाडा, गोठ्यांना लागणाऱ्या आगी अशाच लागतात.

वापरायची एक सवय लावावीच लागते. झूल सूर्य मावळल्यावर चढवायची, सकाळी ऊन अंगावर आलं की काढायची. रात्री एकदा पुढच्या पायाच्या मागे झुलीखाली हात घालून बघायचा, ओलसर लागलं तर ती जास्त होतेय, काढा. एकाची झूल दुसऱ्याला नाही, गजकर्ण, उवा, गोचीड सगळं फिरतं. वहिनीने प्रत्येक झुलीवर जनावराचं नाव ऑइल पेंटने लिहिलंय, "राणी", "चंद्री", आणि पारडाच्या झुलीवर भाच्याने "विराट" लिहिलंय.

आता तक्रारी. सांगितलेल्या तारखेला माल मिळाला नाही, कारागीर गावाला गेला होता म्हणे, दिवाळीच्या तोंडावर जाणार असाल तर दसऱ्यालाच ऑर्डर द्या. साध्या एकेरी झुलीची शिलाई कच्ची आहे, कडा आत दुमडून न शिवता नुसत्या सुतळीने ओवल्यात, महिन्यात धागे निघायला लागले आणि वासरू ते धागे चघळत बसतं, ते पोटात जाणं चांगलं नाही. दुहेरीचा हा त्रास नाही, म्हणून एकेरी घेऊच नका, किंमत कमी दिसली तरी. पोटाखालचा पट्टा कॉटनचा आहे, छान आहे, पण गाठ मारायची सिस्टीम, अंधारात गार हातांनी सोडवताना वैताग येतो. बक्कल लावून मागितलं तर लावतात, वेगळे पैसे घेतात. वेल्क्रो लावू का म्हणाले होते, नको म्हणा, त्यात पाचट अडकून दोन दिवसांत चिकटणं बंद होतं.

भाव होलसेलचा आहे पण सुट्या झुलीही देतात. वासराची दुहेरी चारशेच्या आसपास पडली, म्हशीची ताडपत्रीवाली हजाराच्या थोडी वर, घासाघीस केली तर पाच-दहा टक्के सुटतात, यूपीआय चालतं, पक्कं बिल मागा. घरपोच काही नाही. गठ्ठा मोठा होतो, पंचवटी एक्सप्रेसमध्ये घेऊन चढायची हिंमत करू नका, डब्यातली पासवाली मंडळी उतरवतील. आम्ही गठ्ठा टेम्पोने वाशी मार्केटला नेला आणि कांदा उतरवून रिकामा परत चाललेल्या गावच्या ट्रकमध्ये टाकला. नाशिक, नगर, पुणे जिल्ह्यातल्या कुणाचंही गाव असेल तर हा मार्ग बेस्ट, ओळखीचा ड्रायव्हर निघतोच, चहापाण्यात काम होतं.

मापं घेऊन जा, अंदाजाने नको. वासराची लांबी मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत, क्रॉसच्या नव्या वासराला तीस इंचांच्या आसपास, आणि छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागून. पट्ट्याला घेरापेक्षा निदान वीतभर जास्त लांबी ठेवायला सांगा, वासरू महिन्यात भराभर वाढतं आणि हे लोक सांगितल्याशिवाय पट्टा लांब ठेवत नाहीत. आमच्या दोन झुलींचे पट्टे वहिनीला जोड देऊन वाढवायला लागले.